चुकाऱ्याच्या पैशातून पहिला म्युच्युअल फंड कसा निवडावा

सोयाबीन-कापसाचा चुकारा हातात आला की गावात दोघं-तिघं तरी हमखास विचारतात, "भाऊ, म्युच्युअल फंडात टाकाचे हायेत, चांगल्या फंडाचं नाव सांग." नाव मी सांगत नाही. ज्याला पैसे येत्या जूनला बियाण्यासाठी लागणार आहेत त्याचा चांगला फंड वेगळा, आणि ज्याची पोरगी आत्ता पाचवीत आहे त्याचा वेगळा. दोघांना एकच नाव सांगणारा माणूस बहुतेक कमिशनवाला असतो.

मी दारव्हा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. घरातल्या तिघांचे फंड मीच पाहतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फॉर्मही भरून दिले आहेत. मी एजंट नाही. इंटरनेटवरचे बहुतेक लेख पगारदारांसाठी लिहिलेले असतात: एक तारखेला पगार, पाच तारखेला एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याचा ठरलेला हप्ता. आपला पैसा दिवाळीपासून होळीपर्यंत येतो आणि मृग लागायच्या आत जातो. म्हणून हा लेख आपल्या हिशोबाने.

१. आधी पैशाला तारीख लावा

वही घ्या. आलेल्या पैशातला कोणता भाग कधी लागणार ते लिहा. समजा कापूस, सोयाबीन आणि तूर मिळून हातात ४ लाख आले. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरायचं आहे, दीड लाख. मे-जूनमध्ये बी, खत आणि पेरणी, ७० हजार. शाळा-कॉलेजची फी ४० हजार. दवाखाना आणि अडीअडचण म्हणून ६० हजार बाजूला. उरले ८० हजार. म्हणजे लांब मुदतीच्या फंडाचा प्रश्न ४ लाखांचा नव्हताच, ८० हजारांचा होता.

पीककर्ज वेळेवर भरणं हा आपल्याकडचा सर्वात सोपा फायदा आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर शून्य टक्क्यांत पडतं. ते थकवून तोच पैसा शेअर बाजारात लावणं म्हणजे हातचं सोडणं. माफीची वाट पाहणारे पाहोत, तो त्यांचा प्रश्न.

आणि सावकाराचं, सोनेतारणाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज अंगावर असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी ते फेडा. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के. कुठलाही फंड दरवर्षी इतकं देईल अशी आशा धरू नका.

२. तारखेवरून फंडाचा प्रकार ठरवा

इथे नाव अजून येत नाही, फक्त प्रकार.

*वर्षाच्या आत लागणारा पैसा:* बचत खातं किंवा लिक्विड फंड. लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंत मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवतो. सात दिवसांच्या आत काढले तर अगदी थोडा एक्झिट लोड (लवकर काढल्याचं शुल्क) लागतो, नंतर काही नाही. हमी इथेही नाही, पण चढ-उतार फार कमी. जूनच्या बियाण्याचे पैसे जानेवारीपासून जूनपर्यंत इथे ठेवायला हरकत नाही.

*एक ते पाच वर्षं:* माझं मत सरळ आहे, पोस्ट किंवा बँकेची एफडी बरी. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांच्या (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांच्या) नफ्यावर एफडीच्या व्याजासारखाच, आपापल्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. पूर्वीचा करफायदा गेला. मग जोखीम कशासाठी घ्यायची? डेट फंड म्हणजे बुडणारच नाही असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड कंपनीने एकाच दिवशी सहा डेट योजना गुंडाळल्या होत्या. लोकांना पैसे मिळाले, पण टप्प्याटप्प्याने, बराच काळ थांबून. ज्याचं लग्न त्या वर्षी होतं त्याला त्याचा काय उपयोग?

*सात वर्षं आणि पुढे:* इक्विटी फंड, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणारा. पाच ते सात वर्षांच्या मधलं असेल तर थोडं इकडे, थोडं तिकडे.

सात वर्षं का, ते आकड्यात पाहा. निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) १४ जानेवारी २०२० ला १२,३६२ वर होता, २३ मार्चला ७,६१० वर आला. सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के उतरला. ज्याला एप्रिलमध्ये पैसे काढावे लागले तो मेला. ज्याला काढायची गरज नव्हती त्याचे त्याच वर्षात भरून निघाले. २००८ ची पडझड भरून यायला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागला होता.

३. इक्विटीत किती जाती, आणि आपल्याला कोणती

सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये फंडांचे प्रकार ठरवून दिले, हे फार बरं झालं. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या म्हणजे लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, २५१ पासून पुढे स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसा पहिल्या शंभरात ठेवावाच लागतो. मिड आणि स्मॉल कॅप फंडांना आपापल्या गटात किमान ६५ टक्के. मल्टी कॅपला तिन्ही गटांत किमान २५-२५ टक्के. फ्लेक्सी कॅपवाला मॅनेजर मनाप्रमाणे कुठेही फिरू शकतो, फक्त शेअरमध्ये एकूण ६५ टक्के हवेत. यांच्या पलीकडे सेक्टर आणि थीम फंड: बँकिंग, फार्मा, संरक्षण, ग्रामीण भारत वगैरे.

पहिला फंड निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्या, असं मी सांगतो. त्यात मॅनेजरची हुशारी विकत घ्यायची नसते. निर्देशांकात जे शेअर ज्या प्रमाणात आहेत ते तसेच तो फंड घेतो. त्यामुळे खर्च कमी, आणि "मॅनेजर बदलला, आता काय?" ही चिंता नाही. दुसरा हवा असेल तर एक फ्लेक्सी कॅप. दोनच. स्मॉल कॅपचे आकडे पाहून तोंडाला पाणी सुटतं हे मला कळतं, पण जानेवारी २०१८ नंतर छोटे शेअर दोन वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले. तेव्हा एसआयपी बंद करून बसलेले पुष्कळ होते. निम्मी रक्कम गेलेली पाहून झोप लागेल का, हे आधी स्वतःला विचारा.

थीम फंड नकोच. ज्या वर्षी एखाद्या थीमच्या जाहिराती गावच्या बसस्टँडपर्यंत पोचतात, तोवर ती बहुतेक वर चढून गेलेली असते.

नोकरीवाल्यांसाठी एक ओळ: ईएलएसएस, म्हणजे कर वाचवणाऱ्या इक्विटी फंडात, ८० सी म्हणून ओळखली जाणारी दीड लाखापर्यंतची वजावट मिळते, पैसे तीन वर्षं अडकतात. ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. नवी घेतली असेल तर ईएलएसएसचं खास कारण उरत नाही.

४. फॅक्टशीट उघडा आणि पाच गोष्टी पाहा

प्रत्येक फंड कंपनी दर महिन्याला फॅक्टशीट काढते. कंपनीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते. शंभर पानांची असते, घाबरू नका. आपल्याला आपल्या फंडाचं एकच पान पाहायचं आहे. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात, म्हणून सेतू केंद्रात जाऊन तेवढ्या पानाची प्रिंट काढा आणि पेनाने खुणा करत वाचा.

*पहिली, खर्चाचं प्रमाण.* इंग्रजीत टीईआर लिहिलेलं असतं. हा खर्च कोणी वेगळा मागत नाही, तो रोजच्या एनएव्हीतून (फंडाच्या एका युनिटच्या किमतीतून) आपोआप कापला जातो. म्हणून दिसत नाही. एका टक्क्याने काय होतं ते पाहा: १ लाख रुपये २० वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर ९ लाख ६४ हजार होतात, ११ टक्क्यांनी वाढले तर ८ लाख ६ हजार. दीड लाखाहून जास्त फरक, म्हणजे टाकलेल्या मुद्दलापेक्षाही मोठा. (१२ टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, हा नुसता गुणाकार आहे.)

*दुसरी, बेंचमार्कशी तुलना.* पानाच्या खालच्या भागात एक तक्ता असतो. १ वर्ष, ३ वर्षं, ५ वर्षं आणि सुरुवातीपासून फंडाने किती दिलं, त्याच्या शेजारी बेंचमार्कने, म्हणजे ज्या निर्देशांकाशी फंडाची तुलना होते त्याने, किती. बेंचमार्कच्या नावापुढे टीआरआय असतं, म्हणजे लाभांश धरलेला निर्देशांक. फंड तीन आणि पाच वर्षांत बेंचमार्कच्या मागे असेल तर मॅनेजरला फी कशाची द्यायची? आणि तक्ता रेग्युलर प्लॅनचा आहे की डायरेक्टचा (फरक पाचव्या भागात), हे तळटीपेत पाहा.

एक चलाखी ओळखून ठेवा. २६ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२१६ वर होता. मोजणी मार्च २०२० च्या तळापासून सुरू केली तर पैसा जवळजवळ साडेतीनपट दिसतो. त्याच्या दोनच महिने आधीपासून, जानेवारीपासून मोजला तर दुपटीहून थोडा जास्त. शेवट तोच, सुरुवात बदलली. म्हणून कोणी "पाच वर्षांत एवढे झाले" असं सांगितलं की कोणत्या तारखेपासून ते विचारा. रोलिंग रिटर्न म्हणजे एकाच सुरुवातीऐवजी प्रत्येक दिवसापासून मोजलेला परतावा. फंडांची तुलना करणाऱ्या साइटवर तो मिळतो, आणि फॅक्टशीटच्या तक्त्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

*तिसरी, रिस्कोमीटर.* गाडीच्या मीटरसारखं चित्र, सहा पातळ्या, 'लो' पासून 'व्हेरी हाय' पर्यंत. इक्विटी फंडांचा काटा जवळपास सगळीकडे टोकाला असतो, त्यामुळे इक्विटीत निवड करायला तो उपयोगी नाही. डेट फंड पाहताना मात्र पाहाच. लिक्विड म्हणून सांगितलेल्या फंडाचा काटा मध्याच्या पुढे असेल तर सोडून द्या.

*चौथी, मॅनेजर कधीपासून आहे.* दहा वर्षांचा परतावा सुंदर आणि मॅनेजर मागच्या वर्षी आला, तर ती कमाई दुसऱ्याची. इंडेक्स फंडात हे पाहायची गरज नाही. तिथे ट्रॅकिंग डिफरन्स पाहा, म्हणजे निर्देशांकापेक्षा फंड किती मागे राहिला. जितका कमी तितका बरा.

*पाचवी, पहिल्या दहा कंपन्या.* दुसरा फंड घेताना दोन्ही याद्या शेजारी ठेवा. दहापैकी सात-आठ नावं तीच असतील तर दोन फंडांच्या नावाने तुम्ही एकच फंड घेताय.

तारांकन, म्हणजे पाच स्टार, चार स्टार, मी पाहत नाही. ते मागच्या कामगिरीवरून दिलेले असतात आणि बदलत राहतात.

५. डायरेक्ट की रेग्युलर

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे दोन प्लॅन आहेत. शेअर तेच, मॅनेजर तोच. रेग्युलरमधून वितरकाचं कमिशन दरवर्षी जातं, डायरेक्टमध्ये ते नसतं, म्हणून डायरेक्टची एनएव्ही जास्त दिसते. इक्विटी फंडात दोघांच्या खर्चात साधारण अर्धा ते एक टक्क्याचा फरक पडतो.

स्वतः मोबाइल चालवता येत असेल, किंवा घरातलं पोरगं समजदार असेल, तर डायरेक्ट. कंपनीच्या साइटवरून घ्या किंवा एमएफ सेंट्रलवरून. फोलिओचं (फंडातल्या आपल्या खात्याचं) कामकाज सांभाळणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्थांनी मिळून ते काढलं आहे. या संस्थांची सेवा केंद्रं नागपूर, अमरावती, अकोल्याला आहेत, कागदी अर्ज तिथेही चालतो. फॉर्मवर योजनेच्या नावापुढे 'डायरेक्ट' लिहिलंय का आणि वितरकाच्या कोडची जागा रिकामी आहे का, हे पाहून घ्या.

पण सगळ्यांनी डायरेक्टच घ्यावं असं माझं म्हणणं नाही. बाजार पडल्यावर "दादा, थांबा, काढू नका" असं फोन करून सांगणारा वितरक तालुक्याला असेल, तर त्याचं कमिशन वसूल झालं समजा. फक्त त्याचा एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, मागा आणि आम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या साइटवर तपासा. त्याने तुमच्याकडून वेगळी फी किंवा रोख रक्कम मागितली तर उठून या. चेक नेहमी फंडाच्या नावाने, माणसाच्या नावाने कधीच नाही.

६. कागदपत्रं आणि केवायसी

लागतं एवढंच:

- पॅन कार्ड, आधारशी जोडलेलं
- आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- स्वतःच्या नावाचं बचत खातं: पासबुक किंवा नाव छापलेला रद्द चेक
- ईमेल, स्वतःचा (सेतू केंद्रवाल्याचा टाकू नका, सगळी पत्रं त्याला जातील)
- फोटो आणि सही
- नॉमिनीचं नाव, जन्मतारीख आणि ओळखपत्राचा क्रमांक

सातबारा लागत नाही. आठ-अ लागत नाही. कोणी मागितला तर तो फंडाचं काम करत नाहीये.

आपल्याकडे गाडी अडते ती नावावर. आधारवर 'रामभाऊ', पॅनवर 'रामदास', पासबुकात आडनाव आधी आणि बापाचं नाव अर्धं. बायांचं तर विचारूच नका, पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरचं. केवायसी मग 'होल्ड'वर जाते आणि ऑनलाइन अर्ज नुसता गोल फिरत राहतो. आधी तिन्ही कागद टेबलावर शेजारी मांडा आणि अक्षरन् अक्षर जुळवा. दुरुस्ती आधार केंद्रातून सुरू करा, मग पॅन, मग बँक. या क्रमाने केलं की पुढच्याला मागचा पुरावा लागू पडतो. केवायसीची स्थिती केआरएच्या (केवायसीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर पॅन टाकून दिसते. 'व्हॅलिडेटेड' आलं की कुठल्याही कंपनीत खातं उघडा.

बँकेचं खातं कोणतं द्यायचं यावरही थोडं थांबा. पीककर्जाचं खातं देऊ नका, बचत खातं द्या. छोट्या सहकारी बँकांत ई-मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) चालतंच असं नाही, म्हणून एसआयपी करायची असेल तर आधी विचारून घ्या. ज्यांचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं त्यांची बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या पासबुकातला आयएफएससी न भरता शाखेतून चालू कोड लिहून आणा.

पैसे ज्याच्या नावाचा फोलिओ त्याच्याच खात्यातून गेले पाहिजेत. पोरगा पुण्याला नोकरीला आहे आणि त्याने आपल्या यूपीआयवरून बापाच्या फोलिओत पैसे टाकले, असं चालत नाही. अर्ज रद्द होऊन पैसे परत येतात. आधी बापाच्या खात्यात पाठवायचे, मग तिथून फंडात.

७. पैसे टाकायचे कधी आणि कसे

दर महिन्याला ठरलेली एसआयपी दुधाचा, किराणा दुकानाचा किंवा पगाराचा पैसा असणाऱ्याला ठीक आहे. नुसत्या खरिपावर जगणाऱ्याच्या खात्यात जुलै-ऑगस्टमध्ये काय असतं? निंदण, फवारणी, मजुरी, आणि पोळ्याला बैलांचा साज. त्या महिन्यांत एसआयपीचा हप्ता परत गेला की फंड दंड लावत नाही, पण बँक लावते, आणि तो दंड कधीकधी हप्त्याच्या निम्मा असतो. महिन्याचे तीन हप्ते लागोपाठ चुकले तर एसआयपीच रद्द होते.

त्यापेक्षा हे करा. चुकारा आला की लांब मुदतीचे ते ८० हजार एकदम लिक्विड फंडात टाका. त्याच कंपनीच्या इंडेक्स फंडात दर महिन्याला ८ हजार जातील असा एसटीपी लावा, दहा महिन्यांसाठी. पैसा आधीच आत असल्यामुळे बँकेत शिल्लक ठेवायची धावपळ नाही, हप्ता परत जायची भीती नाही, आणि बाजार नेमका वर असताना सगळं एकदम टाकल्याची हळहळही नाही. पुढच्या वर्षी सीतादही करून वेचणी सुरू होईल तोवर एक फेरा पूर्ण झालेला असतो. एसटीपीसाठी लिक्विड आणि इंडेक्स दोन्ही फंड एकाच कंपनीचे लागतात, म्हणून कंपनी निवडताना तिच्याकडे दोन्ही आहेत का ते पाहून घ्या. दरमहा लिक्विडमधून निघणाऱ्या रकमेवरचा किरकोळ नफा करात धरला जातो, एवढं लक्षात असू द्या.

संत्र्याचा बगीचा असलेल्या वरुड-मोर्शीच्या मंडळींनी आंबिया आणि मृग अशा दोन बहरांचे दोन एसटीपी लावावेत. दुष्काळी वर्षी एकही रुपया टाकू नका. आधी टाकलेलं काढू नका, एवढंच.

८. फसण्याच्या जागा

*"दहा रुपयांचं युनिट, स्वस्तात मिळतंय."* नवीन योजना निघाली की हे ऐकू येतं. १० हजार रुपयांत १० रुपयांची १,००० युनिटं येतात, किंवा ५०० रुपयांची २०. शेअर १० टक्के वाढले की दोन्हीकडे ११ हजारच होतात. नवीन योजना म्हणजे कोणाच्याच वावरात न पिकलेलं बियाणं; उताऱ्याचा काही दाखला नसताना आपण पहिले कशाला व्हावं?

*फंड म्हणून विमा.* माझ्या वहिनी एफडी मोडायला तालुक्याच्या एका बँकेत गेल्या, तर काउंटरवरच्या मुलाने "म्युच्युअल फंडासारखंच आहे, वरून विमा फुकट" म्हणून वर्षाला ५० हजारांचा फॉर्म पुढे केला. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर 'प्रीमियम भरण्याची मुदत' असा रकाना होता. तो दिसला म्हणून वाचलो. फंडाच्या फॉर्मवर प्रीमियम हा शब्द कधीच नसतो. तो दिसला की ते युलिप किंवा दुसरी विमा पॉलिसी.

*हमी.* म्युच्युअल फंड ठरावीक परताव्याची हमी देऊ शकत नाही. "महिना तीन टक्के पक्के" म्हणणारा फंडवाला नसतोच. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या गटांमधून मोठ्या कंपनीच्या नावाचं ॲप डाउनलोड करायला लावतात, त्यात नफा वाढताना दिसतो आणि काढायला गेलं की आधी 'टॅक्स' भरायला सांगतात. पैसे यूपीआयने एखाद्या माणसाच्या खात्यात मागितले की तिथेच थांबा.

*आयडीसीडब्ल्यू.* पूर्वी याला डिव्हिडंड म्हणत, एप्रिल २०२१ पासून नाव बदललं. लोकांना वाटतं वरचे पैसे मिळतात. मिळतात ते आपल्याच एनएव्हीतून वजा होऊन, आणि त्यावर करही लागतो. लांब मुदतीसाठी 'ग्रोथ' पर्यायावर खूण करा.

*पतसंस्था आणि फंड यांची गल्लत.* पतसंस्था बुडाली म्हणून फंडही बुडेल, असं आमच्या भागात पुष्कळ जण म्हणतात. बँकेत ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. फंडालाही असा विमा नाही, पण फंडाचे शेअर ट्रस्टच्या नावाने वेगळ्या कस्टोडियनकडे (शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे) असतात. फंड कंपनी बंद पडली तरी ते तिच्या देणेकऱ्यांना जात नाहीत. धोका बाजाराचा आहे, तो खरा आहे, तो मान्य करून या.

९. घेतल्यानंतर

ॲप रोज उघडू नका. वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या सुमारास नवीन फॅक्टशीट काढून वरच्या पाच गोष्टी पुन्हा पाहा. फ्लेक्सी कॅप एखादं वर्ष बेंचमार्कच्या मागे पडला म्हणून बदलायचा नाही. सलग तीन वर्षं मागे असेल तर नवीन पैसा इंडेक्सकडे वळवा.

लागणारी तारीख दोन वर्षांवर आली की इक्विटीतून थोडं थोडं काढून लिक्विडमध्ये किंवा एफडीत आणायला लागा. पोरीचं ॲडमिशन जूनमध्ये आहे आणि पैसा मेपर्यंत इक्विटीत, असं नको. काढलेले पैसे इक्विटी फंडातून साधारण दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदवलेल्या बँक खात्यातच येतात. बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत काढलं तर एक टक्का एक्झिट लोड असतो. फॅक्टशीटच्या त्याच पानावर तो लिहिलेला असतो.

करात एक गैरसमज आपल्याकडे घट्ट आहे: शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून शेतीच्या पैशातून घेतलेल्या फंडाचा नफाही करमुक्त. तसं नाही. इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकला तर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्याहून वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. मोठी रक्कम काढायची असेल तर ३१ मार्चच्या आधी थोडी आणि १ एप्रिलनंतर थोडी काढली की सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते.

नॉमिनी भरल्याशिवाय फोलिओ ठेवू नका. एकाहून जास्त नावं देता येतात, प्रत्येकापुढे टक्केवारी लिहा. आणि फोलिओ क्रमांक, कंपनीचं नाव, कोणता मोबाइल नंबर जोडलाय, हे सगळं एका कागदावर लिहून कर्जाच्या आणि सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावा. घरधनी गेल्यावर तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बाईला फोनचा पासवर्डही माहीत नसतो. कॅम्स किंवा केफिनटेककडून पॅनवर एकत्रित स्टेटमेंट ईमेलने मागवता येतं. दरवर्षी त्याची एक प्रिंट फाइलला जोडत जा.

काही अडलं तर आधी फंड कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर. सेबीचा टोल-फ्री क्रमांक १८०० २२ ७५७५. फोन करताना पॅन आणि फोलिओ क्रमांक समोर ठेवा, तेच आधी विचारतात.